४३ अरियाडनी: एका दगडाचा फेरा मोजताना

३ जानेवारी

लक्ष्य ठरलं. ४३ अरियाडनी. मंगळ आणि गुरूच्या मधे लघुग्रहांचा जो मुख्य पट्टा आहे, त्याच्या आतल्या कडेनं फिरणारा दगडी लघुग्रह. सूर्यापासून सरासरी २.२ खगोलीय एकक, म्हणजे जवळजवळ ३३ कोटी किलोमीटर. सूर्याभोवतीची एक प्रदक्षिणा सव्वातीन वर्षांची. व्यास साधारण ६० ते ७० किलोमीटर, म्हणजे सोलापूरहून पंढरपूरला जाताना जेवढं अंतर कापतो त्याच्या आसपास.

या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याची प्रतियुती आहे, म्हणजे आपल्याकडून बघताना तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येणार. सूर्य मावळला की तो पूर्वेला उगवणार आणि रात्रभर आकाशात राहणार. तेज साडेदहाव्या प्रतीच्या आसपास. प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकं तेज कमी. डोळ्यांना दिसणार नाही, पण माझ्या आठ इंची दुर्बिणीला आणि कॅमेऱ्याला पुरेसं आहे.

काम एकच: तो स्वतःभोवती एक गिरकी किती वेळात घेतो, ते मोजायचं. आकडा कुठंतरी छापलेला आहेच. भाचीनं आणि मी ठरवलंय की आपला आकडा वहीत लिहून होईपर्यंत तो बघायचा नाही. भाची अकरावी सायन्सला आहे. तिनं वहीच्या पहिल्या पानावर "मोजमाप मामाचं, हिशोब माझा" असं लिहून खाली तारीख टाकली.

४ जानेवारी

अरियाडनीच का, असं दाजींनी विचारलं. त्याचं उत्तर इथं नीट लिहून ठेवतो.

हा लघुग्रह नॉर्मन पॉगसन यांनी ऑक्सफर्डहून १५ एप्रिल १८५७ ला शोधला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, त्यांनी ताऱ्यांच्या तेजाची मोजपट्टी पक्की करून दिली होती. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पट फरक, आणि एका प्रतीचा फरक म्हणजे २.५१२ पट. आज जगात कुठंही तारा मोजला तरी याच पट्टीनं मोजतात. आम्हीही यानंच मोजणार. म्हणजे ज्यांनी हा दगड शोधला, त्यांच्याच पट्टीनं तो मोजायचा.

पुढं पॉगसन मद्रास वेधशाळेत आले आणि १७ एप्रिल १८६१ ला तिथून त्यांनी ६७ एशिया शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिला लघुग्रह, नाव त्यावरूनच. तोही दगडीच. त्यानंतर तीस वर्षं ते मद्रासलाच राहिले आणि १८९१ मध्ये तिथंच वारले. मुंबईहून मद्रासकडं जाणारी गाडी आपल्या स्टेशनावरून जाते, ती आता मला वेगळी वाटते.

६ जानेवारी

जुळवाजुळव. माउंट, म्हणजे दुर्बिणीला ताऱ्यांच्या चालीनं फिरवणारा आधार, बॅटरीवर चालवून बघितला, सुरळीत फिरतोय. हिरवा-पिवळा प्रकाश घेणारा व्ही फिल्टर कॅमेऱ्यापुढं बसवला.

कॅमेऱ्याच्या कडेला उजेड मधल्यापेक्षा कमी पडतो आणि काचेवरच्या धुळीचे गोल डाग येतात. ते हिशोबातून काढायला एकसारख्या उजेडाचे फोटो लागतात. त्यासाठी कारखान्यातून धुतलेल्या मांजरपाटाचा तुकडा आणला, दुहेरी केला, दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बसवला आणि दिवस मावळताना डोक्यावरच्या आकाशाकडं नळी करून तीस फोटो घेतले. मांजरपाटात सूत कुठं जाड कुठं बारीक असतं, त्याच्या रेघा फोटोत येतील का, ही शंका होती. एकही आली नाही. दुर्बीण लांबच्या ताऱ्यांवर जुळवलेली, इतक्या जवळचं सूत तिला दिसतच नाही, फक्त उजेड पसरून आत येतो.

८ जानेवारी

पहिली रात्र, घराच्या गच्चीवर. ध्रुवतारा इथून क्षितिजापासून साडेसतरा अंशांवर, म्हणजे खालीच, आणि नेमका शेजारच्या पाण्याच्या टाकीमागं. माउंट त्याच्याकडं रोखून लावावा लागतो, तो चाचपडतच लावला.

फोटोत सगळे तारे लांबट, प्रत्येकाला दोन टोकं. माउंटचे दाते तपासले, स्क्रू आवळले, तरी तेच. १ वाजून १० मिनिटांनी पूर्व भागातली लाइट गेली. आमचा माउंट बॅटरीवर, तो चालूच राहिला. त्यानंतरच्या फोटोत तारे एकदम गोल, टाचणीच्या डोक्यासारखे. वीस मिनिटांनी लाइट आली आणि तारे परत लांबट.

मग कान दिले. गल्लीतल्या दोन्ही कारखान्यांचे माग चालू होते. धोट्याचा ठोका जमिनीतून भिंतीत, भिंतीतून गच्चीच्या स्लॅबमध्ये आणि तिथून तिपाईत येत होता. बावीस वर्षं मी मागावर जॉबर आहे, माग जुळवणं-दुरुस्त करणं हे माझं काम. तो ठोका माझ्या कानाला आता ऐकूच येत नाही. कॅमेऱ्यानं तो टिपला.

इथं मोजमाप होणार नाही. जागा बदलायची.

९ जानेवारी

दाजींशी बोललो. बार्शी रोडला नान्नजच्या अलीकडं त्यांचं रान आहे. माळढोक अभयारण्याचा तो भाग, रात्री अंधार चांगला. "शाळूची राखण चालूच आहे, तुम्ही दुर्बीण लावून बसा, माझ्या पाखरांवरही नजर राहील," म्हणाले. पाखरं रात्री येत नाहीत हे त्यांनाही माहीत आहे. आपुलकीनं बोलायची त्यांची ही पद्धत.

१३ ते १६ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, सोलापूरच्या सिद्धेश्वराची. काम बंद. नंदीध्वजामागं चाललो, अक्षतांच्या वेळी गर्दीत उभा राहिलो, "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" म्हणून घसा बसला. शोभेच्या दारूकामाचा धूर रात्रभर शहरावर होता.

१८ जानेवारी

अमावस्या. संध्याकाळी टेम्पोनं सामान रानात नेलं. बांधाशेजारी टणक मुरूम बघून तिपाईच्या पायांखाली तीन शहाबादी फरशीचे तुकडे ठेवले. शेतीची लाइट रात्री पाळीनं येते, म्हणून इन्व्हर्टरची बॅटरी नेली. तिथं नेट नाही, त्यामुळं निघतानाच लॅपटॉपचं घड्याळ मोबाइलशी जुळवून घेतलं. आपलं सगळं काम वेळेवर चाललंय, घड्याळ चुकलं तर सगळंच चुकलं.

साठ सेकंदांचे नमुना फोटो घेतले. तारे गोल.

१९ जानेवारी (रात्र १)

रात्री ९ ते पहाटे ४. साठ-साठ सेकंदांचे फोटो सलग. अरियाडनी कर्क राशीत, बिनओळखीच्या ताऱ्यांमधला एक ठिपका. पहिला आणि शेवटचा फोटो आलटून पालटून बघितले की तेवढाच एक ठिपका सरकलेला दिसतो. तासाला जेमतेम ३८ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), पण रात्रभरात चांगला कळतो. भाचीला मी फक्त दोन फोटो दिले आणि कुठला ते सांगितलं नाही. तिनं मिनिटाच्या आत बोट ठेवलं.

तेज मोजायची पद्धत: त्याच चौकटीतले चार स्थिर तारे तुलनेला घ्यायचे. हवा पातळ ढगांनी मंद झाली तर अरियाडनीबरोबर तेही मंद होतात, फरक तसाच राहतो. चौघांपैकी एकाला पहारेकरी नेमला. तो बाकी तिघांशी रात्रभर सारखाच राहिला पाहिजे. राहिला. फोटोगणिक चढ-उतार एका प्रतीच्या शंभराव्या भागाइतका.

२० जानेवारी, दुपार

कालच्या फोटोंचा आलेख काढला. तेज चढतं, उतरतं, परत चढतं, परत उतरतं. तळ दोन: एक रात्री १२ वाजून १३ मिनिटांनी, दुसरा पहाटे ३ वाजून ५ मिनिटांनी. मधलं अंतर २ तास ५२ मिनिटं. सॉफ्टवेअरनंही तेवढाच काळ काढून दिला. भाची खूश होऊन "मामा, झालं की" म्हणाली आणि आकडा वहीत लिहायला लागली. मी थांबवलं.

का थांबवलं, ते तिला चादरीवर दाखवलं. घरातली जकार्डची चादर पसरली, मोरांची. लांबून बघितलं तर मोर, मोर, मोर अशी रांग दिसते आणि वाटतं, एक मोर म्हणजे एक रिपीट. जवळ गेलं की दिसतं, एकाचं तोंड डावीकडं, पुढच्याचं उजवीकडं. खरं रिपीट दोन मोरांचं. एका मोराचं समजून मागाला डिझाइन सांगणारी भोकांची कार्ड पाडली असती तर डिझाइनच बिघडलं असतं.

दगडाचंही तसंच आहे. तो गोल असता तर आलेख सपाट आला असता. तेज चढतं-उतरतं, म्हणजे तो लांबट आहे. स्वयंपाकघरातून रताळं आणलं, मधोमध दोरा बांधून बॅटरीच्या उजेडात फिरवलं. एका फेऱ्यात रुंद बाजू दोनदा समोर येते आणि टोकही दोनदा. उजेड दोनदा वाढतो, दोनदा घटतो. म्हणजे दोन तास बावन्न मिनिटं हा अर्धाच फेरा असणार, पूर्ण फेरा पावणेसहा तासांच्या आसपास.

पण हे रताळ्यावरून झालं. आकाशातून पुरावा पाहिजे. दोन्ही टोकं हुबेहूब सारखी नसतील तर दोन तळांची खोली वेगळी येईल. काल पहिला तळ खोल होता, दुसरा उथळ. पण पहाटे तो पश्चिमेला कलला होता, हवेचा जाड थर मधे होता. भाचीनं तीच शंका काढली, आणि बरोबर काढली. आज संध्याकाळी लवकर सुरू करायचं.

२० जानेवारी (रात्र २)

रात्री ८ लाच सुरू केलं. सलग, मधे एकही खंड नाही.

तीन तळ मिळाले. ८ वाजून २४ मिनिटांनी उथळ, ११ वाजून १८ ला खोल, २ वाजून १० ला उथळ. खोल तळ ०.४२ प्रतीचा, उथळ दोन्ही ०.३३ चे. उथळ तळांपैकी एक पूर्वेला खाली असताना, एक पश्चिमेकडं झुकल्यावर. हवेचा दोष असता तर कडेचे तळ आणि मधला तळ यांच्यात असा स्वच्छ फरक पडला नसता, आणि कालचा क्रमही याच्याशी जुळला नसता.

उथळ तळापासून पुढच्या उथळ तळापर्यंत ५ तास ४६ मिनिटं. हा पूर्ण फेरा. मी एकटाच होतो, लॅपटॉपच्या उजेडात वही धरून आकडा लिहिला आणि दोनदा वाचला. शाळूच्या ताटांतून वारा येत होता, लांब कुठंतरी टिटवी ओरडत होती.

२१ जानेवारी (रात्र ३)

खोल तळ १० वाजून २२ मिनिटांनी. काल ११:१८, परवा १२:१३. दररोज जवळजवळ तासभर आधी. हिशोब जुळतो: चार फेरे म्हणजे २३ तास ४ मिनिटं, चोवीसला ५६ मिनिटं कमी. आठ फेऱ्यांवर भागून काळ ५.७६९ तास.

मध्यरात्रीनंतर मात्र आलेखावर नवीन टेंगूळ. १२ वाजून २५ पासून अर्धा तास तेज अपेक्षेपेक्षा ०.०६ प्रतीनं जास्त. काल याच भागात असं काही नव्हतं. पहारेकरी तारा जागच्या जागी.

२२ जानेवारी

टेंगळाचा छडा लागला. फोटो मोठे करून बघितले तर अरियाडनी एका फिक्या ताऱ्यावरून गेला होता. तारा साडेतेराव्या प्रतीचा. आपण तेज मोजतो ते ठिपक्याभोवतीच्या वीसेक विकलांच्या वर्तुळातलं. तासाला ३८ विकलांच्या चालीनं तो तारा या वर्तुळात अर्धा तासच राहणार. आणि तेज? तीन प्रतींचा फरक म्हणजे जवळजवळ सोळा पट, सोळाव्या भागाची भर म्हणजे सहा टक्के, म्हणजे ०.०६ प्रत. पॉगसन यांच्या पट्टीनं तीन ओळींत टेंगूळ उलगडलं. हा हिशोब भाचीनं केला, मी फक्त तपासला.

तेवढे फोटो बाजूला काढले, पण पुसले नाहीत. वेगळ्या फोल्डरमध्ये, कारण लिहून.

२५ जानेवारी

रविवारचा हुरडा. दाजींच्या घरची आणि शेजारपाजारची पोरं आली होती. आगटीभोवती बसून शेंगा चटणीबरोबर हुरडा खाताना सगळ्यांना दगडाविषयी सांगितलं. एकानं विचारलं, "इतक्या लांबून दगडच आहे हे कशावरून?"

चांगला प्रश्न, म्हणून नोंदवतो. दगडावरून परत येणाऱ्या सूर्यप्रकाशात रंग कसे वाटले गेलेत त्यावरून. ऑलिव्हिन आणि पायरोक्सिन ही खनिजं अवरक्त भागात ठरावीक ठिकाणी प्रकाश शोषतात आणि ती खूण अरियाडनीसारख्या दगडी लघुग्रहांच्या प्रकाशात मिळते. पृथ्वीवर पडणाऱ्या उल्कापाषाणांत सगळ्यात जास्त संख्या ज्या साध्या कॉन्ड्राइटांची, त्यांतही हीच खनिजं. तरी शास्त्रज्ञांना बरीच वर्षं अडचण होती, कारण लघुग्रह त्या पाषाणांपेक्षा जास्त लालसर दिसतात. अंतराळात सौरवारा (सूर्यातून सुटणारे कण) आणि बारीक धूलिकणांचा मारा बसून त्यांचा पृष्ठभाग जुना पडतो, रंग बदलतो, असं मानलं जायचं. जपानच्या हायाबुसा यानानं इटोकावा या छोट्या दगडी लघुग्रहावरचे कण २०१० मध्ये पृथ्वीवर आणले, तेव्हा ते हातात घेऊन तपासता आलं. कण कॉन्ड्राइटाचेच निघाले, आणि त्यांच्या पृष्ठभागावर तो जुनेपणाही सापडला.

अरियाडनीजवळ अजून कुठलं यान गेलेलं नाही. पण त्याच भागातल्या फ्लोरा कुटुंबातल्या, म्हणजे लघुग्रहांच्या एका गटातल्या, ९५१ गॅस्प्राजवळून गॅलिलिओ यान २९ ऑक्टोबर १९९१ ला गेलं होतं. मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाचे जवळून घेतलेले ते पहिले फोटो. गॅस्प्रा आहे जेमतेम अठरा किलोमीटर लांब, कडा उतरलेला, खड्ड्याखळग्यांचा. पोरांना मोबाइलवर तो फोटो दाखवला. एक जण म्हणाला, "बटाटाच की." आमच्याकडं रताळं होतं.

२७ जानेवारी (रात्र ४)

चंद्र बराच मोठा झालाय, आकाश उजळ, मोजमापातला चढ-उतार वाढला. पण आठवडाभराचं अंतर पडल्यावरची ही रात्र महत्त्वाची होती. २० जानेवारीच्या खोल तळापासून २९ फेऱ्यांनंतर खोल तळ १० वाजून ३६ मिनिटांच्या आसपास अपेक्षित, वीस मिनिटं मागंपुढं. आला १० वाजून २६ ला. त्यावरून काळ ५.७६३ तास.

चारही रात्रींचे आलेख एकमेकांवर ठेवले तर ही रात्र वर बसते. दगड अंतरामुळं जेवढा उजळ व्हायला हवा, त्याहून जास्त उजळ झालाय. प्रतियुतीजवळ असं होतंच, सूर्य अगदी आपल्या पाठीशी असतो. नांगरलेलं रान आठवावं. ऊन पाठीशी घेऊन बघितलं तर रान फिकट, सपाट दिसतं, कारण ढेकळांच्या सावल्या ढेकळांमागंच दडतात. ऊन कडेनं असेल तर तेच रान काळपट दिसतं. म्हणजे तिथंही जमीन खडबडीत आहे, भुसभुशीत आहे. आलेख तेवढा खाली सरकवून घेतला आणि कारण नोंदवलं.

२ फेब्रुवारी

पौर्णिमा. रानात जाणं नाही. बॅटरी दुरुस्तीला.

८ फेब्रुवारी

घरी हिशोब. ०.४२ प्रत म्हणजे १.४७ पट. म्हणजे रुंद बाजू समोर असताना टोकाच्या बाजूपेक्षा जवळजवळ दीडपट उजेड येतो, आणि दगडाची लांबी त्याच्या रुंदीच्या निदान तेवढी तरी आहे. आपण त्याला तिरकं बघत असू तर खरा आकार याहूनही लांबट असेल. ते कळायला पुढच्या प्रतियुतींना, वेगळ्या कोनातून, परत मोजावं लागेल. फोटोत तो अजूनही एक ठिपकाच आहे. कितीही मोठा केला तरी चौकोनी दाणेच दिसतात. आकाराबद्दल जे कळलं ते सगळं त्या दाण्यांच्या कमी-जास्त होण्यातून.

भाचीनं १३ तारखेचं भाकीत काढलं. २० जानेवारीच्या खोल तळापासून शंभर फेरे: १३ फेब्रुवारी, रात्री ११ वाजून ३७ मिनिटं, पंधरा मिनिटं मागंपुढं. वहीत लिहून खाली सही केली. मलाही करायला लावली.

१३ फेब्रुवारी (रात्र ५)

भाची आज रानात आली. ताई आधी नको म्हणत होती, मग स्वतःच कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून बरोबर आली. शाळू काढणीला आलाय, ताटं वाळून वाजतात.

साडेदहापासून तेज उतरायला लागलं. भाची दर पाच फोटोंनी आकडा वाचत होती, मी वहीत ठिपका काढत होतो. ११:१५ ला ०.३५. ११:२५ ला ०.४०. साडेअकराला ०.४१. मग पाच-सहा फोटो जागच्या जागी. पावणेबाराला ०.४०, आणि पुढं चढायला सुरुवात. "वळला," ताई म्हणाली. तोपर्यंत ती लांब बाजेवर बसली होती, कधी जवळ आली कळलं नाही.

दोन्ही बाजूंचे उतार घेऊन तळाचा मध्य काढला: ११ वाजून ३३ मिनिटं.

१४ फेब्रुवारी

शंभर फेऱ्यांना ५७६ तास १५ मिनिटं. अरियाडनी या काळात आपल्यापासून थोडा लांब गेलाय, त्याचा प्रकाश पोचायला पाऊण मिनिट जास्त लागतं, ते वजा केलं. अंतिम काळ ५.७६२ तास. चूक असेल तर तिसऱ्या दशांश स्थानी, एखाद्या अंकाची.

भाचीनं आकडा वहीत शाईनं लिहिला, मी तपासून सही केली. त्यानंतर छापील तक्ता उघडला. तिथंही ५.७६२.

सगळे फोटो, बाजूला काढलेलेही, दोन हार्डडिस्कवर उतरवले. एक माझ्याकडं, एक भाचीकडं. फरशीचे तीन तुकडे रानातच ठेवलेत, जागेवर, बांधाशेजारी.